कोरडा पंप

गेटवरच्या बाईनं केसांतली पिन काढून घेतली,
मनगटावरचा काळा दोरा कापला.
आईनं कोराडीहून आणला होता तो.
कापताना बाई म्हणाली, सॉरी बेटा,
आणि कात्री पुढच्या मनगटाकडे वळली.

दुसरा मजला. तिसरा बाक.
बाहेर पंचेचाळीस,
मानेवाड्याच्या रस्त्यावर डांबर
चपला धरून ठेवत होतं.

मागच्या वर्षी उतरणीवरच्या ठोकळ्यात अडकले.
तो खाली येईना, मी पुढे जाईना.
चाळीस मिनिटं.
त्या चाळीस मिनिटांवर घरात वर्षभर
कुणी बोललं नाही.
बाबांनी पुन्हा क्लासची फी भरली,
तीन तुकड्यांत,
आणि पावत्या मीटरच्या डब्यात ठेवल्या,
मला दिसू नयेत म्हणून.
मीटर मीच तर वाचते.

दोन वाजता सील तोडलं.
या वेळी ठोकळा नव्हता, भिंग होतं.
अक्षरं दिसत होती,
वाचता येत नव्हती.
तळहाताखाली उत्तरपत्रिका दमट व्हायला लागली.
डावीकडचा मुलगा पायानं फरशी ठोकत होता,
त्याची लय माझ्या छातीत शिरली.
पुन्हा वाचलं. पुन्हा.
वेग वाढवला तसं काहीच उरेना.

तेव्हा ऐकू आला तो आवाज.

खिडकीतला कूलर
गरम हवा फेकत होता फरफर,
आणि त्याच्या खाली, बारीक,
एक घुंईई.

त्या आवाजात तर मी वाढले.
मार्च ते जून आमच्या अंगणात
सहा-सात कूलर पोट उघडून पडलेले,
ओल्या गवताचा वास,
बाबांच्या नखांत गंज.
ट्विंकल डोंगरवार एकदा घरी आली तेव्हा म्हणाली,
तुमच्याकडे किती थंड असेल गं!
आमचा स्वतःचा कूलर
नेहमी शेवटी दुरुस्त होतो.

पंप कोरडा चालून राहिला,
मी मनात म्हणाले, बाबांच्याच आवाजात.
पंखा फिरते म्हणून लोकायले वाटते, कूलर सुरू आहे.
पाणी चढतच नाही नं पोरी.
अशा वेळी स्पीड वाढवू नोको, जळते तो.
बटन बंद कर.
पाणी भर. नळीतली हवा निघू दे.
मंग.

पेन ठेवलं.
मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.
लेबल काढलेल्या बाटलीतलं कोमट पाणी
दोन घोट, सावकाश.
क्लासमध्ये शिकवलेले श्वास आठवले नाहीत.
मी कूलर खोलला,
मनातल्या मनात, एकेक स्क्रू:
जाळी, तट्टी, नळी, पंप,
तळाशी साचलेला गाळ.
मग उलट्या क्रमानं जोडला.
चार मिनिटं गेली.
जाऊ दिली.

पानं उलटून थेट जीवशास्त्रावर गेले.
पानांची रंध्रं कशानं उघडतात?
हसू येता येता राहिलं.
पेशीत पाणी भरलं की.
पहिला गोळा काळा केला.
मग दुसरा. मग मोजले नाहीत.

भिंगाकडे चारच्या पुढे परत आले.
नाही जमलं.
ते वर्तुळ पांढरंच ठेवलं.
त्याचं काही वाटलं नाही.
थोडं वाटलं.

सव्वापाच उलटल्यावर
कडुनिंबाखालून सगळे आईबाप एकदम उठले.
बाबा डोक्याला ओला दुपट्टा बांधून उभे,
विचारायचं नाही असं ठरवून आलेले.
जबडा आवळलेला दिसत होता.

मीच म्हणाले,
वर्गातला पंप कोरडा होता.

पूर्ण वेळ?

पूर्ण वेळ.

जळला असन तो, म्हणाले,
गाडीच्या डिकीतून पेचकस काढला
आणि बाहेर येणाऱ्या गर्दीतून
उलटे आत गेले, चौकीदाराशी हुज्जत घालत.

मी मनगट पाहत थांबले.
दोऱ्याच्या जागी एक फिकट पट्टी.

अर्ध्या तासानं आले, कोपरापर्यंत भिजलेले.
जळला नव्हता, म्हणाले. कचरा होता नळीत.

गाडीची सीट तापली होती.
त्यांनी तिच्यावरून ओला पंजा फिरवला,
म्हणाले,
बस.